जरीपटक्याकडे

फ्लाइंग क्लबमध्ये शिकणारी मी एकटीच मुलगी होते. त्यामुळे कमीत कमी बोलायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. शिवाय माझं मराठी शाळेत शिकलेलं नव्हतं. चुकलं की लोक हसायचे.

त्या दिवशी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली म्हणून आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं शिवायला उतरवली होती. मी विमानात बसताना तो ओरडला, "बाई, वारा जरीपटक्याकडे हाय आज!"

'कडे' की 'कडून'? विचारायला हवं होतं. पण आम्हाला शिकवलेलं, की वारा नेहमी जिथून येतो ते सांगायचं. मी मान हलवली आणि निघाले. जरीपटका ही शहरातली वस्ती, उतरताना उजव्या हाताला यायची. म्हणजे वारा उजवीकडून, एवढं डोक्यात पक्कं बसलं.

तो डावीकडून होता. उतरताना विमान उजवीकडे सरकत होतं, ते दिसत असूनही मी विमान कलवायचा दांडा उजवीकडेच दाबून धरला. आमच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली. असं विमान जमिनीला टेकल्यावरच जास्त सांभाळावं लागतं. डावा पंख उचलला गेला, शेपूट गर्रकन फिरली आणि उजवा पंख जमिनीवर घासत गेला. मला खरचटलंही नाही.

"Who gave you the wind?" विमान शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

मी मेकॅनिककडे बोट दाखवलं. सरांनी सांगितलं तसंच मी लिहून दिलं: मेकॅनिकनं वाऱ्याची दिशा चुकीची सांगितली. खाली त्याची सही हवी होती. कागद इंग्रजीत. तो हात पुसत माझ्याकडेच आला.

"काय लिवलं, बाई? वाचून दाखवा ना मले."

सर शेजारीच उभे होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं.

"वारा अचानक बदलला, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"माह्यावर काई नाई ना?"

"नाही."

"मंग झालं." त्यानं एकेक अक्षर जपून काढत सही केली. "लेकीनं शिकवली," असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला धावपट्टीवर यायची बंदी झाली. हँगरमध्ये बसून तो माझाच पंख दुरुस्त करू लागला. खरं सांगून टाकायचं म्हणून मी तीनदा दारापर्यंत गेले, आणि तीनदा परत आले.

पंख बसवला त्या सकाळी मी पुन्हा उडायला निघाले. पिशवी खांबावर केव्हाच परत चढली होती. मला ती स्वच्छ दिसत होती. तरी तो हँगरच्या दारात येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आतच. तोंडाशी दोन्ही हात धरून, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश ओरडला,

"बाई, वारा जरीपटक्याकून येऊन राहिला! येऊन राहिला, बरं का!"

म्हणजे कुठे चुकलं, ते त्याला कळलं होतं. कागदावर काय होतं, तेही कळलं असेल.

मी मान हलवली. त्या दिवशीसारखीच.