खालून बघायची खुर्ची

दुपारी हेमांगी जरा आडवी होते. समोर तिच्या वडिलांची, भाईंची, लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आहे. वेताच्या विणीतून उन्हाचे ठिपके फरशीवर पडलेत. चहाच्या सुमाराला बोरवणकर येऊन ती विकत घेऊन जाणार आहेत. "इंग्रजांच्या काळातली, अस्सल," असं फोनवर हेमांगीनेच त्यांना सांगितलंय. सांगणारच. वडिलांचं जुन्या फर्निचरचं दुकान, आणि जन्मभर त्यांनी ही एकच वस्तू कुणाला दिली नाही. ठिपके हलू लागतात. एक ठिपका दुसऱ्यात मिसळतो.

"झोपलीस की काय? गिऱ्हाईक येईल आता."

दुकानाच्या दारात भाई उभे आहेत, खिशात भिंग. वारल्यापासून अंगाने जरा भरलेत.

"जेवलात, भाई?"

"ते राहू दे. खुर्ची पालथी कर."

"आधी समोरून तरी बघू द्या."

"समोरून बघायला गिऱ्हाईक असतं. आपण खालून बघायचं."

ती खुर्ची उलटी करते, तर ही इस्पितळातली एक्स-रेची खोली आहे. खुर्ची टेबलावर पाय वर करून निजलीय. भाईंच्या मनगटावर नावाचा पट्टा अजून आहे. हेमांगी तिकडे बघत नाही.

"लाकूड कसं दिसतंय?"

"काळपट. जुनं."

"सगळीकडे सारखंच?"

ती वाकते. "सारखंच."

"जुनं लाकूड असं एकसारखं काळं पडतं होय? बोट ओलं कर आणि घास."

ती घासते. बोट तपकिरी होतं.

"कात आणि काजळी," भाई म्हणतात, लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं.

"म्हणजे नकली?"

"उत्तम नकली. मीसुद्धा उत्तम फसलो. दुकान नवीन होतं, समोरूनच बघितली."

"मग विकून का नाही टाकलीत?"

"काय सांगून विकू? खरं सांगितलं तर दुकानाची अब्रू जाते, खोटं सांगितलं तर माझी. म्हणून बसलो तिच्यात."

पायाखाली पाणी हिंदकळतंय. दोघं लाँचच्या डेकवर आहेत, मध्ये खुर्ची. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका तिला वळसा घालून जातात. कुणाला नवल वाटत नाही. हेमांगीला मात्र राग येतो.

"आई म्हणायची, तुमचा जीव आहे हिच्यावर!"

"आईला मीच तसं सांगितलं होतं."

तिला हसू येतं. मग ती खुर्चीच्या डाव्या हातावरचा खळगा चाचपते, गुळगुळीत, उथळ. "हासुद्धा मुद्दाम केलेला?"

भाई आपला पंजा तिथे ठेवतात. बरोबर बसतो.

"नाही. हा माझा."

"मग मी किंमत काय सांगू, भाई?"

"तू कशाला सांगतेस? त्यांना खालून बघू दे. मग घ्यायची तर घेतील."

"आणि नाही घेतली तर?"

भाई किनाऱ्याकडे बघतात. "तर तू बस."

लाँचचा भोंगा वाजतो. पुन्हा वाजतो. मग ती दारावरची बेल असते.

ऊन भिंतीवर चढलंय. हेमांगी उठून केस सारखे करायला हात वर नेते आणि थांबते. मधल्या बोटाचं टोक तपकिरी आहे. ती वास घेते. कात. या घरात पान कुणीच खात नाही.

बेल तिसऱ्यांदा वाजते.

"आले हो, आले," ती ओरडते, आणि दार उघडण्याआधी खुर्ची पालथी घालते.