सुरूचं पान चिकटलेलं चाक

थिनरचा वास आला की तोंडवलीच्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवते. आजही तोच वास आहे. जुनी फियाट उद्या विकायची म्हणून चाकं काढून रंगवायला बसलोय. खाऱ्या वाऱ्याने ती पुन्हा गंजलीत, आणि आता थोडं घासलं तरी हात भरून येतात.

ही रुंद, नक्षीची चाकं कुडाळहून आणली तेव्हाही वापरलेलीच होती. त्या दुपारी मी आणि बायको ब्रशने त्यांना चंदेरी रंग देत होतो. शेवटचं चाक ओलं असतानाच वारा सुटला आणि सुरूची पानं रंगात येऊन चिकटली. मी ब्रश आपटला. ती शांतपणे म्हणाली, "वारो आपल्याक इचारून येता काय? ऱ्हवांदेत ती."

दुपार फुकट गेली, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

ती वारल्यापासून गाडी उभीच आहे. आज तीन चाकं झाली. चौथ्यावर पॉलिश पेपर फिरवताना बोटाला सुईएवढी बारीक रेघ लागली. जुन्या रंगाखाली एक पान अजून तसंच होतं.

पेपर बाजूला ठेवला आणि रंगाचा हात वरूनच फिरवला. गिऱ्हाइकाने विचारलंच तर सांगेन, आमच्याकडे वारा असतो.