कादंबरीतली बायको

फिल्म क्लबमध्ये दुपारी एक स्पॅनिश सिनेमा होता. त्यातली बायको संसार सोडून प्रियकराकडे निघून जाते.

ती निघाली तेव्हा शेजारी बसलेला माझा नवरा सुधीर रडू लागला. स्वतःची आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. मी त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्या नवऱ्याचं फार वाईट वाटलं का रे?"

"नाही. मूळ कादंबरी मी वाचलीय. तिच्यात ती जातच नाही, जन्मभर तिथेच राहते. इथे निदान सुटली."

बावीस वर्षं एका घरात राहूनही माणूस मनाने कधी निघून गेला, हे कळत नाही.

रिक्षात तो नेहमीसारखा माझ्या शेजारी बसला. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि मला घरचा पत्ता सांगवेना.