टेकडीवरची तालीम

आमच्या मामांइतकी जगाच्या अंताची जय्यत तयारी या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केली असेल, यावर माझा विश्वास नाही. आणि त्या तयारीने त्यांच्याइतकं कोणाचं वाटोळं केलं असेल, यावर तर मुळीच नाही. मामा पाळक होते. नगरकडून दगडाच्या खाणीत कामाला आलेल्या अकरा ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी त्यांच्या हवाली होती. नेरूळच्या पुढे, दिवाळ्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी आमचं कौलारू चर्च होतं आणि त्याला लागून मामांच्या दोन खोल्या. नवी मुंबई हा शब्द तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. दुसरे पाळक उन्हाळ्यात चर्चची कौलं शाकारून घेत. मामा नाही. "पावसाच्या आधी प्रभू आला, तर ही कौलं काय डोक्यावर घेऊन जायची? पाळकाने माणसं शाकारावीत," असं ते म्हणत. प्रभू काही पावसाआधी आला नाही. आम्ही आठ पावसाळे उपासनेला छत्र्या उघडून बसलो, आणि मामींची सगळी पातेली चर्चमध्ये गळक्या जागांखाली मांडलेली असल्यामुळे रविवारी स्वयंपाकाला उशीर होई.

पण मामांचं खरं वेड म्हणजे तालीम. अंतसमयी शेतातल्या माणसाने अंगरखा आणायलाही घरी फिरू नये, डोंगराकडे पळावं, असं शास्त्रात आहे. इतर लोक हे वाचतात आणि आमेन म्हणून जेवायला बसतात. मामांनी ते मनावर घेतलं. महिन्यातून एकदा, कधी ते कोणालाही न सांगता, ते चर्चची घंटा बडवत, आणि अकराही घरांनी हातातलं टाकून थेट टेकडी चढायची. वर पोचल्यावर गावाकडे पाठ करून उभं राहायचं आणि मामा येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. मागे वळून पाहणारी शास्त्रातली ती बाई मिठाचा खांब झाली, हे सांगताना ते खाडीकडच्या मिठागरांतल्या पांढऱ्या राशींकडे असं बोट दाखवत, की त्या सगळ्या आमच्याच मंडळीतल्या कोणी कोणी आहेत असं वाटावं. लोक येत. कोणी अंगाला साबण लावलेला, कोणी पिठाच्या हातांनी, एकदा तर मंडळीच्या पंचांपैकी एक वडील अर्धी दाढी करून. मामी मात्र दाराला कुलूप घातल्याशिवाय हलत नसत. "प्रभू येतोय आणि तू कुलूप लावतेस?" मामा चिडत. मामी शांतपणे म्हणत, "अहो, प्रभू यायचा तेव्हा येईल. मांजर रोज येतं." मग दुखरा गुडघा दाबत त्या सगळ्यांच्या शेवटी चढत, आणि मामा खाली उतरून त्यांना हात देत.

दिवाळ्याहून म्हावरं विकायला येणारी एक कोळीणबाई हा सोहळा पाटी खाली ठेवून पाहत असे. "पालकबाबा, कवा बुरनार हाय दुनिया, त्ये आदी सांगून ठेवा. म्हावरा सुकत घातलाय," असं ती म्हणाली, की मामांना हसावं की बोध करावा ते कळत नसे. बासष्ट साली आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार, या अष्टग्रहीच्या भीतीने सगळा मुलूख होमहवन करत होता, तेव्हा मामा एकटे निर्धास्त होते, किंबहुना थोडे दुखावलेलेच. "प्रभू चोरासारखा, न सांगता येणार आहे. पंचांगात बघून कुठला चोर येतो?" असं म्हणून त्या दिवशी ते दुपारी छान झोपले.

पुढे खाणी सुटल्या आणि मंडळी पावणे गावाकडच्या नव्या कारखान्यांत लागली. मीही लागलो. पाळीवरचा माणूस घंटा ऐकून मशिन कसं सोडणार? पंचांपैकी एका वडिलांनी तर सांगितलं, "साहेब, प्रभूला म्हणावं रविवारी या." मामांनी तेही केलं, तालीम रविवारी दुपारी ठेवली. तरी कोणी येईना. आठवड्यात मिळणारी तेवढीच झोप. वर्षभर टेकडीवर दोनच माणसं दिसत, मामा आणि मामी. एका रविवारी मामा उपदेश करता करता थांबले आणि म्हणाले, "मी त्याच्यापुढे एकटा कसा उभा राहू? कळप कुठे आहे विचारलं, तर काय सांगू?" आणि सगळ्यांदेखत रडले. मला ते बघवलं नाही. त्या आठवड्यात मी अकराही घरं पालथी घातली. पुढच्या वेळी घंटा झाली की एकूण एक माणसाने यायचं, म्हाताऱ्याचं मन एकदा भरू दे, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. मामांना यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्याच रविवारी दुपारी घंटा झाली. इतकी जोरात कधीच झाली नव्हती. आम्ही तान्ह्या पोरांसकट पळालो. ओळीने उभे राहिलो, गावाकडे पाठ करून, आणि मामा येईपर्यंत गीत गायला लागलो. "पाळकसाहेब आज आनंदाने रडतील बघ," माझ्या शेजारचा म्हणाला. मामांना उशीर होत होता. मामींचा गुडघा असेल, असं आम्ही धरून चाललो. खाली मामी चुलीपुढे कोसळल्या होत्या. त्यांना बाजेवर घालून पक्क्या रस्त्यापर्यंत न्यायला, तिथून पनवेलच्या डॉक्टरकडे पोचवायला चार माणसं हवी होती, म्हणून मामांनी घंटा वाजवली होती. आम्ही पळताना दिसलो, तेव्हा ते अंगणात येऊन उपरणं हलवत राहिले, हाका मारत राहिले. आम्ही गात होतो. घंटा ऐकून घराकडे धावली ती एकटी कोळीणबाई, कारण तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तीच धापा टाकत वर आली. "हिकरं गानी काय बोलताव?" ती म्हणाली. "बाय गेली तुमची. माज्या मांडीवर गेली."

आम्ही खाली आलो तेव्हा मामा उंबऱ्यावर बसले होते. ते कोणावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी माती दिल्यावर सगळे पांगले, आणि मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.

"सगळे आले होते?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. सगळे."

"कोणी मागे वळून पाहिलं?"

"नाही मामा."

"मग शिकली म्हणायची मंडळी," ते म्हणाले, आणि माझा हात त्यांनी बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला.

त्या दिवशी त्या सगळ्यांना मीच गोळा केलं होतं, हे तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. नाहीतर झोपेतून उठून दोघं-चौघं तरी, ही घंटा काही वेगळी वाटते म्हणून, घराकडे आले असते. पुढे मामांनी तालीम घेतली नाही, की अंताबद्दल चकार शब्द काढला नाही. ते आणखी सहा वर्षं जगले. पाळी सुटल्यावर मी रोज त्यांच्याकडे जाई आणि आम्ही दोघं चहा पीत बसू. सहा वर्षांत ते सांगायला संध्याकाळी काही थोड्या मिळाल्या नाहीत, पण माझ्याच्याने सांगवलं नाही.