लागला का दिवा?

“लागला का दिवा, मॅडम?”

संध्याकाळी माझे हात कणकेत असताना नेमका हा फोन यायचा. मी कोपराने स्पीकर दाबायचे आणि म्हणायचे, “लागलाय सर. ठेवा आता.” पलीकडून एक समाधानाचा हुंकार यायचा आणि फोन बंद व्हायचा. दिवा लागलेला नसला, तर मात्र माझी धडगत नसायची.

एखादं काम सोपवलं की ते जिवावर बेतल्यासारखं करणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या वाट्याला आले ते भिंगारच्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. शिक्षकांसाठी मोबाईलवर एक अभ्यासक्रम निघाला होता, खेळातून कसं शिकवावं याचा. शिकवणार कसे, तर आम्हालाच खेळायला लावून. पायऱ्या चढायच्या, पदकं मिळवायची, पाच जणांचा गट करायचा. आणि गटाचा मिळून एक दिवा. पाचही जणांनी रोज आपापला धडा पुरा केला तर दिवा तेवत राहायचा. एकाने जरी चुकवला तरी तो विझणार आणि सगळा गट पुन्हा पहिल्या पायरीवर. हे ज्याने शोधून काढलं, त्याला घरी स्वयंपाक करावा लागत नसणार.

मला त्या प्रमाणपत्राची गरज होती. माझी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यावर अडून बसली होती. सरांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. पाचवा माणूस मिळेना म्हणून ते आले आणि आल्या आल्या गटप्रमुख झाले. ॲपमध्ये गटप्रमुखाला ‘कॅप्टन’ म्हणत, तेच नाव त्यांना चिकटलं. भिंगारला लष्कराची छावणी, त्यामुळे ही मोठी पंचाईत. बाजारात “ओ कॅप्टन” अशी हाक मारली की भाजी घेणारे एकदोन खरे फौजी वळून बघायचे आणि आमचे कॅप्टन मेथीची जुडी न्याहाळत उभे.

त्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला. रविवारी ऐन दुपारी ऑनलाइन सभा ठेवली. त्यात अर्धा तास ते एकटेच बोलत होते, कारण आमचे सगळ्यांचे आवाज त्यांनीच बंद करून ठेवले होते. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर त्यांनी रंगीत खडूंनी पाच वातींची समई काढली. ज्याचा धडा झाला त्याच्या वातीला पिवळी ज्योत. माझी वात दुपारपर्यंत काळीच असायची. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ती बघून जायचे. आमच्याच गटातल्या पठाण मॅडमची ज्योत सकाळी प्रार्थनेच्या आधीच लागलेली असायची, त्यामुळे मला त्यांचाही राग यायचा.

घरी वेगळाच छळ. सासूबाई रोज विचारायच्या, “आज काय दिवे लावलेस गं?” त्या मनापासून विचारतात की टोमणा मारतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भंडारदऱ्याला गेलो. तिथे रेंज नाही, आणि मी तुम्हाला खरं सांगते, मला बरंच वाटलं. तळ्याकाठी भजी खात बसले होते, तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली.

“भिंगारच्या मॅडम तुमीच का?” त्या माणसाने विचारलं. “सरांचा फोन हुता हाटेलावर. मी त्यांचा जुना विद्यार्थी. तुमचा दिवा राह्यलाय म्हनले. चला, वरच्या वळनावर रेंज येती.”

नवरा हसून हसून बेजार. मी त्या मोटारसायकलवर मागे बसून वळणावर गेले आणि डोंगराच्या वाऱ्यात उभी राहून ‘खेळ आणि एकाग्रता’ हा धडा पुरा केला. तिथूनच सरांना फोन लावून मनातलं सगळं बोलले. ते शांतपणे म्हणाले, “लागला ना? मग झालं.”

“माझा पासवर्ड तुम्हीच तर लावून दिला होता सर. तुम्हीच करून टाकायचा की माझा.”

“न्हाई मॅडम. आपला दिवा आपुनच लावायचा.”

अभ्यासक्रम संपत आला आणि सरांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. संध्याकाळी मी आणि पठाण मॅडम गेलो, तर त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर त्यांचा फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. “फोन आत नेऊ देत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणि ह्यांचं आपलं दिवा, दिवा चाललंय. कसला दिवा हो?”

मी फोन घेतला. त्या दिवशीचा प्रश्न होता, वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला खेळात कसं घ्याल. ‘त्याला गटात समाविष्ट करून घेईन’ अशा दोन ओळी खरडल्या, ज्योत लागली, घंटी वाजली. काचेतून त्यांना अंगठा उंचावून ‘लागला’ अशी खूण केली. त्यांनी डोळे मिटले. मी केलं ते बरोबर केलं, आजही म्हणते.

दुसऱ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत हलवलं, तिथून पुढचे धडे त्यांनी स्वतःच केले. घरी आल्यावर सरांनी ॲप उघडलं आणि माझं ते उत्तर वाचलं. मग त्यांनी काय करावं? अभ्यासक्रमवाल्यांना मेल केला, की त्या दिवशी मी दवाखान्यात होतो, तो दिवा माझा नाही. तिकडून नम्र उत्तर आलं. दिवा विझला. पाचही जण पहिल्या पायरीवर.

मी तरातरा त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते.

“सर, माझी श्रेणी अडलीय त्याच्यावर. तुम्हाला माहीत होतं.”

“व्हय, माहीत हाय.”

“मग?”

“‘समाविष्ट’ असला शब्द मी जन्मात लिहिला न्हाई, मॅडम.” उशी सरळ करत म्हणाले, “पोरांना आपुन कॉपी करू नका म्हनतो. पुन्हा लावू की. मी हाय ना.”

आजारी माणसावर ओरडता येत नाही, म्हणून मी त्यांच्या पत्नीने दिलेला चहा रागारागाने प्यायले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाज बारीक झाला होता, प्रश्न तोच.

पुन्हा सगळ्या पायऱ्या चढलो. त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नाही, मलाही चुकवू दिली नाही. प्रमाणपत्रं आली, माझी श्रेणी मार्गी लागली. सरांनी स्वतःच्या प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नातीला हत्ती काढून दिला आणि पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. मी मनात म्हटलं, सुटले.

त्याच संध्याकाळी फोन. “लागला का दिवा, मॅडम?”

“सर, अभ्यासक्रम संपला.”

“माहीत हाय. घरातला इचारतोय.”

आता याला काय म्हणावं? मी म्हटलं, “लागलाय सर. ठेवा आता.” पुढे हे रोजचंच झालं. सासूबाई तर देवापाशी वात लावून फोनची वाट बघायला लागल्या.

यंदा पावसाळा सरता सरता सर झोपेतच गेले. सगळे सोपस्कार झाले, शाळेत शोकसभा झाली, मी नीट बोलले, रडले नाही.

परवा कणीक मळत होते. देवघरात सासूबाईंनी काडी ओढली आणि सवयीने माझं कोपर फोनकडे गेलं. पडदा काळाच होता. सासूबाई बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“लागलाय सर,” मी म्हटलं. ‘ठेवा आता’ मात्र म्हणवेना.