बिस्किटाच्या गेममधलं पिल्लू

मंडळी, आज राजुरीला घरी आलोय. मन ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी पुण्यात गेम बनवतो. सध्याचं काम एका बिस्किट कंपनीचं. मुलांनी नेटवर कुत्र्याचं पिल्लू पाळायचं. बिस्किटाच्या पाकिटावरचा नंबर टाकला की त्याला खायला मिळतं, नाही टाकला तर ते मरतं.

माझी भाची पिंकी सात वर्षांची. ताई आजारपणात गेल्यापासून ती आमच्या आईकडंच असते. दुपारी तिला लॅपटॉपवर तो गेम खेळायला दिला. जवळचे नंबर संपले आणि पिल्लू मेलं. स्क्रीनवर अक्षरं आली, 'तू त्याची काळजी घेतली नाहीस.'

पिंकी रडली नाही. हळूच म्हणाली, "मामा, आईलाबी मीच नीट संबाळलं न्हाई का?"

मी लगेच बिस्किट कंपनीच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, पिल्लू मरायला नको. ते म्हणाले, "अहो, मुलं रडली तरच पाकिटं खपणार ना!"

मी काम सोडलं. ते म्हणाले, दुसरा बघतो.

पिंकीला किती वेळा सांगितलं, "न्हाई गं बाळा, तुझ्यामुळं काय बी झालं न्हाई." ती मान हलवते, पण माझ्याकडं बघत नाही.

गेम सुट्टीत येईलच. तुमच्या पोरांनी असं काही विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?