डांगराच्या फुलांची भजी

श्रावण लागला तरी मागच्या अंगणातल्या वेलाला डांगर धरेना. बोराएवढी गाठ यायची, पिवळी पडायची आणि गळायची. भाद्रपदात नवऱ्याचं पित्र होतं आणि त्या पानावर घरचंच डांगर हवं होतं. पंचवटीच्या बाजारातलं डांगर त्यांनी जन्मात कधी नावाजलं नाही.

माझा संशय शेजारणीवर होता. भिंतीपलीकडून ती वेलाकडे फार बघायची, आणि सकाळी फुलं नसलेले नुसते देठ उभे दिसायचे. पण पुरावा नव्हता.

तो तिनेच आणून दिला. एका सकाळी ताटलीत गरम भजी घेऊन आली. मी एक भजं मोडून बघितलं, तर आत डांगराचं फूल.

"कुठली गं ही फुलं?"

"तुमचीच की, मावशी. वांझ तेवढी तोडते. गाठीच्या फुलाला हात लावला नाही, तुमची शपथ."

"अगं बये, ती वांझ नाहीत, नर आहेत! त्यातली पिवळी पूड मधमाशी गाठीच्या फुलात नेते, तेव्हा डांगर धरतं. तू सगळे नवरेच तळलेस!"

ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. भजी मात्र मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मधली दांडी गाठीच्या फुलात फिरवली. ते डांगर धरलं. पित्राला तिलाही जेवायला बोलावलं. पण तोवर रोज सकाळी, तिचं दार उघडायच्या आत, मी भिंतीपाशी खुर्ची टाकून बसत होते.